विश्लेषण : जहाल मेटल बँड मवाळ झाला, की बाहेरचे श्रोते खूश का होतात?

एखादा मेटल बँड आपला आवाज मवाळ करतो तेव्हा दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. जुने चाहते म्हणतात, ‘विकले गेले.’ आणि ज्यांनी त्या बँडचं नाव आजवर फक्त कुणाच्या तरी काळ्या टी-शर्टवर वाचलेलं असतं ते म्हणतात, ‘आता कुठे हे गाणं वाटतंय!’

चाहत्यांच्या रागाची चर्चा भरपूर होते. बाहेरच्यांच्या आनंदाची मात्र फारशी होत नाही, कारण ते साधं कौतुक समजलं जातं. पण त्या कौतुकात एक निवाडाही दडलेला असतो. याआधी जे होतं ते गाणं नव्हतंच, असा.

हा निवाडा कुठून येतो? त्याने बँडचं भलं होतं की नुकसान? मेटॅलिकापासून लिंकिन पार्कपर्यंतची उदाहरणं पाहिली तर उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

मेटलमध्ये ‘मवाळ होणं’ म्हणजे नेमकं काय?

आवाज कमी करणं एवढाच त्याचा अर्थ नाही. मेटलचा बाज काही ठरावीक गोष्टींनी बनतो. मुद्दाम खरखरीत केलेला गिटारचा आवाज, म्हणजे डिस्टॉर्शन. दोन्ही पायांनी वाजवला जाणारा बास ड्रम. वेगवान लय. एकाच गाण्यात चार-पाच वेळा बदलणारी चाल. आणि ओरडून किंवा घशातून गुरगुरत केलेलं गायन.

बँड मवाळ होतो तेव्हा यातल्या काही गोष्टी सुटतात. लय उतरते, गाणं आखूड होतं, शब्द स्पष्ट ऐकू येतात आणि पुन्हा पुन्हा येणारं, गुणगुणता येईल असं ध्रुवपद मिळतं. नवख्या कानाला धरायला काहीतरी सापडतं. म्हणजे बाहेरच्या श्रोत्याचा आनंद खोटा नसतो, त्याला खरोखरच आत शिरायला जागा मिळालेली असते.

मेटॅलिकाने १९९१ मध्ये काय बदललं?

जेम्स हेटफिल्ड आणि लार्स उलरिक यांनी १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मेटॅलिकाची सुरुवात केली. १९८३ ते १९८८ या काळातल्या त्यांच्या चार अल्बमांनी ‘थ्रॅश’ या वेगवान मेटल प्रकाराला आकार दिला. रेडिओ त्यांना वाजवत नव्हता आणि १९८९ पर्यंत त्यांनी एकही म्युझिक व्हिडिओ केला नव्हता. तरीही १९८६ चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत २९ व्या आणि १९८८ चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ सहाव्या क्रमांकापर्यंत गेला. ते दुर्लक्षित बिलकुल नव्हते, फक्त त्यांचं जग वेगळं होतं.

‘जस्टिस’मधली गाणी लांबलचक आणि गुंतागुंतीची होती. शीर्षकगीतच जवळपास १० मिनिटांचं. ती मंचावर वाजवताना समोरचा श्रोता कंटाळतोय, हे बँडच्याच लक्षात आलं. पुढच्या अल्बमसाठी त्यांनी बॉब रॉक या निर्मात्याला बोलावलं. मॉटली क्रू या चकचकीत रॉक बँडच्या अल्बममुळे त्याचं नाव झालं होतं.

१२ ऑगस्ट १९९१ रोजी ‘मेटॅलिका’ हा अल्बम आला. मुखपृष्ठ काळं असल्यामुळे तो ‘ब्लॅक अल्बम’ म्हणूनच ओळखला जातो. गाणी आखूड झाली होती, लय संथ झाली होती. ‘द अनफरगिव्हन’मध्ये तर त्यांनी नेहमीचा साचाच उलटा केला. रॉकमधल्या संथ गाण्यांत कडवं हळुवार आणि ध्रुवपद दणदणीत असतं. इथे कडवं जड आणि ध्रुवपद हळुवार होतं.

पण खरी खळबळ उडवली ती ‘नथिंग एल्स मॅटर्स’ने. हेटफिल्ड प्रेयसीशी फोनवर बोलत असताना मोकळ्या हाताने गिटारच्या तारा छेडत होता, त्यातून या गाण्याची सुरुवात झाली. ते आपल्यापुरतंच ठेवायचा त्याचा विचार होता. बँडने ते अल्बममध्ये घेतलं आणि मायकेल केमेन यांनी त्यासाठी ऑर्केस्ट्राची साथ रचली. थ्रॅश बँडच्या गाण्यात व्हायोलिनं वाजली.

बाहेरच्या जगाने कसं स्वागत केलं?

त्याआधी हे जग मेटॅलिकाशी कसं वागत होतं, ते पाहायला हवं. १९८९ मध्ये ग्रॅमीने पहिल्यांदाच हार्ड रॉक आणि मेटलसाठी पुरस्कार ठेवला. मेटॅलिकाने त्या सोहळ्यात मंचावर गाणं सादर केलं. पुरस्कार मात्र मिळाला जेथ्रो टल या बासरीसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रिटिश रॉक बँडला. ते समारंभाला आलेसुद्धा नव्हते. मतदारांना या संगीताची ओळखच नव्हती, हे त्या दिवशी उघड झालं. पुढच्या वर्षी हार्ड रॉक आणि मेटल असे दोन वेगळे पुरस्कार करण्यात आले.

१९९२ मध्ये ‘ब्लॅक अल्बम’साठी ग्रॅमी घेताना उलरिकने, यंदा अल्बम न काढल्याबद्दल जेथ्रो टलचे आभार मानले!

हा अल्बम बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. अमेरिकेत विक्रीची संगणकीय मोजणी १९९१ मध्येच सुरू झाली. त्या मोजणीनुसार तेव्हापासून सर्वाधिक खपलेला अल्बम हाच आहे, एकट्या अमेरिकेत १ कोटी ६० लाखांहून अधिक प्रती. एवढे मेटलचे चाहते अस्तित्वातच नव्हते. याचाच अर्थ, घेणाऱ्यांत बाहेरचे लोक मोठ्या संख्येने होते.

कौतुकही वरच्या दर्जाचं होतं. २०२१ मध्ये एल्टन जॉन यांनी एका रेडिओ कार्यक्रमात ‘नथिंग एल्स मॅटर्स’ची गणना आजवरच्या सर्वोत्तम गाण्यांत केली. ते ऐकताना हेटफिल्डचे डोळे भरून आले होते.

मग चाहत्यांना एवढं लागलं का?

हा राग १९९१ मध्ये जन्मलेला नाही. १९८४ च्या ‘फेड टू ब्लॅक’ या गाण्याची सुरुवात साध्या, विजेविना वाजणाऱ्या गिटारने होते. तेव्हाही ‘विकले गेले’ हा आरोप झालाच होता. आज तेच गाणं चाहत्यांच्या लाडक्या गाण्यांपैकी एक आहे.

मेटल ऐकणाऱ्याला घरात, वर्गात, कार्यालयात एक वाक्य कायम ऐकावं लागतं – ‘हा काय गोंगाट लावलाय?’ त्या गोंगाटातच त्याला शिस्त, मेहनत आणि सोबत सापडलेली असते. जगाला नको असलेलं संगीत आपलं आहे, यातून एक बिरादरी तयार होते.

अशा वेळी तोच बँड मवाळ गाणं करतो आणि कालपर्यंत नाक मुरडणारे लोक टाळ्या वाजवतात. चाहत्याला झोंबतात त्या या टाळ्या. व्हायोलिनं तो एक वेळ सहन करेल, पण ‘सुधारलात हो शेवटी’ हा सूर त्याला सहन होत नाही.

‘परिपक्व’ हा शब्द घोळ कसा करतो?

बँड मवाळ झाला की बाहेरची मंडळी ‘परिपक्वता आली’ असं सहज म्हणून जातात. यात वेग आणि कर्कशपणा हे पोरवयाचं लक्षण, तर संथपणा हे जाणतेपणाचं, असं गृहीत धरलेलं असतं.

संगीताच्या दृष्टीने याला आधार नाही. ‘मास्टर ऑफ पपेट्स’चं शीर्षकगीत आठ मिनिटांहून मोठं आहे. त्याच्या मधोमध एक संथ, सुरेल भाग आहे आणि व्यसन माणसाला कसं नाचवतं हा त्याचा विषय आहे. ते वाजवायला लागणारी तयारी ‘नथिंग एल्स मॅटर्स’पेक्षा कमी नाही, जास्तच आहे.

स्वीडनच्या ओपेथ या बँडने तर हा वादच निकालात काढला. त्यांनी एकाच काळात दोन अल्बम तयार केले. २००२ चा ‘डिलिव्हरन्स’ कमालीचा जड, तर २००३ चा ‘डॅम्नेशन’ पूर्णपणे मवाळ, एकही गुरगुर नसलेला. माणसं तीच आणि वयही तेच. मग यातला परिपक्व अल्बम कोणता म्हणायचा?

मवाळ झालं की बाहेरचं दार उघडतंच का?

नाही. मेटॅलिकाने १९९६ मध्ये ‘लोड’ हा अल्बम आणला. केस कापले, डोळ्यांत काजळ घालून छायाचित्रं काढली. त्याच वर्षी ‘लोलापालूझा’ या अमेरिकेतल्या फिरत्या महोत्सवात ते मुख्य आकर्षण होते. तिथे वेगळाच वाद पेटला. हा महोत्सव ‘अल्टरनेटिव्ह’, म्हणजे प्रवाहाबाहेरच्या संगीताचा. त्यात मेटॅलिकासारखा धनाढ्य बँड कशाला, असा आक्षेप घेतला गेला. महोत्सवाचे एक संस्थापक पेरी फॅरेल यांनाही ही निवड रुचली नव्हती. म्हणजे जुने चाहते म्हणत होते ‘तुम्ही आमचे राहिला नाहीत’ आणि नवे म्हणत होते ‘तुम्ही आमचे नाहीच.’

काळाची गंमत अशी की, हाच लोलापालूझा आता मुंबईतही भरतो आणि त्याच्या २०२६ च्या पर्वासाठी मुख्य नाव जाहीर झालं ते लिंकिन पार्कचं. या बँडला मवाळ होण्याची झळ सर्वाधिक बसली होती.

लिंकिन पार्कच्या बाबतीत काय घडलं?

मेटल, रॅप आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकत्र करून लिंकिन पार्कने २००० मध्ये ‘हायब्रिड थिअरी’ आणला आणि एका पिढीचं बालपण व्यापलं. भारतातल्या शहरांतल्या अनेक मुलांची जड संगीताशी पहिली ओळख या बँडमुळेच झाली.

१९ मे २०१७ रोजी त्यांचा ‘वन मोअर लाइट’ आला. हा जवळजवळ सरळ पॉप अल्बम होता. तो बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर आला, पण चाहते संतापले. यावेळी बाहेरच्यांनीही हात दिला नाही. बऱ्याच समीक्षकांनी त्याला बेचव, साचेबद्ध पॉप ठरवलं. पॉपच्या जगात पॉपसारखं गाणाऱ्या आणखी एका बँडची कुणाला गरज नव्हती.

दोन महिन्यांनी, २० जुलैला, गायक चेस्टर बेनिंग्टन यांचा मृत्यू झाला. ते ४१ वर्षांचे होते. नैराश्य आणि व्यसनाशी असलेल्या आपल्या झगड्याबद्दल ते अनेक वर्षं उघडपणे बोलत आले होते. त्यामुळे त्यांच्या मृत्यूचा धागा अल्बमवरच्या टीकेशी जोडणं चूक ठरेल. पण त्यानंतर एक गोष्ट घडली. लोकांनी तो अल्बम पुन्हा ऐकला.

‘हेवी’ हे त्यातलं संगीताच्या अंगाने सगळ्यात हलकं गाणं मनावरच्या ओझ्याबद्दल होतं. शीर्षकगीत एका मैत्रिणीच्या कर्करोगाने झालेल्या निधनानंतर लिहिलं गेलं होतं. तेच गाणं मग बेनिंग्टन यांच्या आठवणीत जगभर गायलं गेलं. गाण्याचा एकही सूर बदलला नव्हता. मे महिन्यात आतले ‘जडपणा गेला’ म्हणून आणि बाहेरचे ‘नावीन्य नाही’ म्हणून नाराज होते. दोघांनी आवाज मोजला. त्या आवाजात काय सांगितलं जातंय, हे ऐकायचं राहून गेलं.

मवाळ न होताही बाहेरचे येतात का?

येतात. २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या वेब मालिकेतलं एक पात्र ‘मास्टर ऑफ पपेट्स’ वाजवताना दिसलं आणि १९८६ मधलं ते जहाल, लांबलचक गाणं पहिल्यांदाच बिलबोर्ड हॉट १०० यादीत शिरलं. शाळकरी मुलं ते ऐकू लागली. काही जुन्या चाहत्यांनी या नवख्यांची टर उडवली, तेव्हा बँडनेच इथे सर्वांचं स्वागत आहे, असं जाहीर केलं.

म्हणजे अडचण दर वेळी संगीताच्या जडपणाची नसते. ते ऐकायला काहीतरी निमित्त लागतं. कधी ते हळुवार गाणं असतं, तर कधी गोष्टीतलं एक पात्र.

बाहेरच्या प्रतिक्रियेचं मोल किती मानायचं?

त्यासाठी प्रतिक्रिया कोणत्या प्रकारची आहे, ते पाहावं लागेल. ‘सुटलो बुवा त्या गोंगाटातून’ ही प्रतिक्रिया संगीताबद्दल फारसं काही सांगत नाही. ती ऐकणाऱ्याच्या सवयीबद्दल सांगते.

पण बाहेरचा माणूस आत येऊन हातही लावतो, तेव्हा गोष्ट वेगळी होते. २०२१ मध्ये ‘ब्लॅक अल्बम’ला ३० वर्षं झाली, त्या निमित्ताने ‘द मेटॅलिका ब्लॅकलिस्ट’ हा संग्रह आला. त्यात ५३ कलाकार आणि गटांनी या अल्बममधली गाणी आपापल्या पद्धतीने केली. एकट्या ‘नथिंग एल्स मॅटर्स’च्या १२ आवृत्त्या आहेत. त्यात पॉपस्टार मायली सायरस आहे आणि शास्त्रीय पियानोवादक इगोर लेविटही. मुंबईचे विशाल ददलानी, रॅपर डिव्हाइन आणि शोर पोलीस यांनी मिळून ‘द अनफरगिव्हन’ केलं. यांपैकी बहुतेकांचा मेटलशी रोजचा संबंध नाही. पण त्यांनी पाहुण्यासारखी तारीफ केली नाही, गाणं घेऊन त्यावर काम केलं.

कुठलंही संगीत मवाळ दारातून ऐकायला सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही. बहुतेक जण तिथूनच येतात. फक्त ते दार म्हणजेच पूर्ण घर, असं समजू नये. ‘नथिंग एल्स मॅटर्स’ आवडलं असेल तर त्याच बँडचा १९८६ चा अल्बम एकदा लावून पाहावा. नाही आवडला तरी हरकत नाही. पण मग ‘आता कुठे गाणं वाटतंय’ हे म्हणण्याआधी माणूस क्षणभर थांबेल.

चाहत्यांनाही हेच लागू आहे. मेटॅलिकाच्या कार्यक्रमांत ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आणि ‘नथिंग एल्स मॅटर्स’ ही दोन्ही गाणी वर्षानुवर्षं वाजत आली आहेत, आणि दोन्ही वेळा आवाज मिसळणाऱ्यांत जुने आणि नवे असे दोघेही असतात.