वाटी बदलण्याआधी पाय सरळ होतो का, ते विचारा

नेहमी आपण बियाणे, खते, फवारणी यावर बोलतो. आज गुडघ्यावर बोलायचे आहे. विषय माझ्या खात्यातला नाही, हे कबूल. पण शिवारफेरीला बांधावरून चालताना पुढच्या माणसाचे पाय दिसतातच. गडी पन्नाशीच्या आतला, पण दोन गुडघ्यांमधून मांजर निघून जाईल एवढे पाय फेंगडे झालेले आणि चालताना अंग एका बाजूला टाकतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं. "वंगण संपलंय साहेब. साठीला वाटी बदलायची, तवर गोळ्यांवर काढायचं."

या "तवर"वरच माझा आक्षेप आहे.

ट्रॅक्टरचा पुढचा टायर एकाच कडेने झिजू लागला तर तुम्ही काय करता? नुसता टायर बदलून गप्प बसत नाही. आधी चाक सरळ आहे का बघता, नाहीतर नवा टायरही तसाच खातो. पायाचे तेच आहे. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढली तर सरळ पायात ती गुडघ्याच्या साधारण मधून जाते. पाय बाहेर वाकला की रेघ आतल्या बाजूला सरकते आणि अंगाचा भार आतल्या अर्ध्या सांध्यावर पडतो. तिथली कूर्चा झिजते, झिजली की पाय आणखी वाकतो, वाकला की आणखी झिजते. बाहेरचा अर्धा सांधा मात्र बऱ्याचदा चांगला असतो.

हा भार पुन्हा मध्याकडे आणण्याचे ऑपरेशन आहे. गुडघ्याच्या खाली नडगीचे हाड आतल्या बाजूने कापतात, पण आरपार नाही. बाहेरची कड बिजागरीसारखी ठेवतात. मग मोजून फट उघडतात, पाय सरळ करतात आणि पट्टी-स्क्रूने हाड पक्के करतात. फटीत पुढे हाड भरून येते. काही वेळा उलट, बाहेरच्या बाजूने पाचर काढून हाड मिटवतात. डॉक्टर याला 'हाय टिबियल ऑस्टिऑटॉमी' म्हणतात. हे कालचे खूळ नाही. इंग्लंडमधल्या जॅक्सन आणि वॉ या डॉक्टरांनी १९६१ सालीच गुडघ्याच्या झिजेसाठी हे ऑपरेशन करून त्यावर लिहिले होते.

मग गावात कुणाला ठाऊक कसे नाही? मला वाटते, मोठ्या माणसांच्या बातम्यांनी आपल्याला वाटी बदलणे तेवढे शिकवले. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईत ब्रीच कँडीत बदलला, पुढच्या जूनमध्ये उजवा. पण तेव्हा त्यांचे वय ७५ होते आणि त्यांना उसाच्या सरीत उतरायचे नव्हते. वाटी बदललेल्याला डॉक्टर सहसा उकिडवे बसू नका, जड ओझे उचलू नका असे सांगतात. शिवाय ऐन चाळिशी-पन्नाशीत बदललेली वाटी पुढे झिजून दुसरे ऑपरेशन लागण्याचा धोका म्हातारपणापेक्षा जास्त. पाय सरळ केला तर सांधा तुमचाच राहतो. दहा वर्षांनंतरही बहुतेकांना वाटी बदलावी लागत नाही. पुढे लागलीच तर बदलता येते, थोडे किचकट होते एवढेच.

हे मला कळले ते उशिरा. माझी आई खटावच्या माळावर आयुष्यभर भांगलत आली. पाय वाकले, तेल चोळले, फिरत्या वैद्याच्या पुड्या झाल्या. पुडीत काय होते ते आजवर कळले नाही. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडतात, म्हणून सांगतो, त्यांच्या नादी लागू नका. चौसष्टाव्या वर्षी उभ्याने फोटो काढला तेव्हा दोन्ही बाजू गेलेल्या. डॉक्टर म्हणाले, "पंधरा वर्षं आधी यायला हवं होतं." तेव्हा मी शाळेत होतो.

सगळ्यांना हे ऑपरेशन चालत नाही, हेही नीट ऐका. वय साधारण साठीच्या आत, झीज आतल्याच बाजूची, गुडघा बऱ्यापैकी वाकतो आणि सरळ होतो, वजन फार नाही, अशांना उपयोग होतो. आमवाताने सगळा सांधा सुजणाऱ्यांना नाही. जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी, हाड न जुळणे हे धोके आहेत. तंबाखूने हाड जुळायला वेळ लागतो. भगिनींनो, मिश्रीही त्यातच आली. "मी कुठं तंबाखू खाते?" असे डॉक्टरांना सांगू नका.

वेळेचा हिशेब पिकासारखाच घालावा लागतो. काही आठवडे कुबड्या, हाड जुळायला तीन महिने किंवा जास्त, जड कामाला त्याहून उशीर. तासगावच्या बागायतदाराने सप्टेंबरात ऑपरेशन करून ऑक्टोबर छाटणीला उभे राहायचे म्हटले तर जमणार नाही. एप्रिल छाटणीची कामे उरकून जूनला केले, तर ऑक्टोबरात निदान बागेत येऊन गड्यांना सांगता येईल. ऊसवाल्याने तोड झाल्यावर बघावे. घरात दुसरा हात आहे का, हे आधी ठरवा.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. गावात शिबिर होते, कॅल्शियमच्या गोळ्या वाटल्या जातात, फोटो निघतो आणि आपण हारतुरे घेतो. त्याऐवजी आशाताईंकडून साठीच्या आतल्या, गुडघे दुखणाऱ्या, पाय वाकलेल्या माणसांची यादी करा. त्यांना गाडी करून मोठ्या रुग्णालयात हाडांच्या विभागात न्या. मिरजेला १८९४ पासून वॉनलेस डॉक्टरांच्या दवाखान्यात लोक बैलगाडीने जात. आता तर तिथे १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एक्स-रे उभ्याने, खुब्यापासून घोट्यापर्यंत काढायला सांगा. झोपवून काढलेल्या फोटोत पायाचा बाक आणि झीज दोन्ही कमी दिसतात. आणि महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत असू द्या.