चोराला दिलेले धन

अलीकडे बुद्धाची नेमणूक व्यवस्थापन-सल्लागार म्हणून झालेली दिसते. नेतृत्वविकासाच्या कार्यशाळांतून त्याची शांत मुद्रा पडद्यावर झळकते, अधिकारीवर्गाला श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवले जाते, आणि दहा राजधर्मांपैकी मृदुता, अक्रोध, क्षांती ही सोयीची नावे तेवढी उच्चारली जातात. ध्यानाला आमचा विरोध नाही. परंतु पाली सुत्तांत राज्यकर्त्याच्या नीतीची चर्चा जिथे खोलवर होते, तिथे प्रश्न राजाच्या मनःशांतीचा नसतो. निर्धनांच्या हाती काय पडले, याचा असतो.

दीघनिकायातले चक्कवत्तिसीहनादसुत्त पाहावे. दळ्हनेमी राजाच्या वंशात पिढ्यान् पिढ्या धर्माने राज्य चालते. पुढे एक राजा येतो. हा काही जुलमी नाही. अमात्यांचा सल्ला तो ऐकतो, प्रजेच्या रक्षणाची व्यवस्थाही नीट लावतो. फक्त गरिबांना धन देण्याचे कर्तव्य तेवढे राहून जाते. दारिद्र्य वाढते आणि एके दिवशी चोरी होते. चोराला राजापुढे आणतात, तेव्हा तो सरळ सांगतो की जगणे अशक्य झाले होते. राजाला दया येते. कुटुंब पोसावे, धंदा करावा, म्हणून तो त्याला धन देतो. दुसऱ्या चोरालाही देतो. चोरी केली की धन मिळते, ही वार्ता मग राज्यभर पसरते. राजा भानावर येतो आणि पुढच्या चोराचा शिरच्छेद करवतो. लोक त्यावरूनही धडा घेतात: शस्त्रे घडवतात, गावे लुटतात, जिवंत साक्षीदार मागे ठेवत नाहीत. त्यानंतर पकडलेला चोर प्रथमच खोटे बोलतो. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या, हत्येतून असत्य अशी ही उतरण आहे, आणि तिच्यावरून घसरत माणसाचे आयुष्य ऐंशी हजार वर्षांवरून दहा वर्षांवर येते.

आयुर्मर्यादेचे आकडे कथेचे म्हणून सोडून द्यावेत. आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो मधला टप्पा. राजाने शेवटी दान केलेच होते, आणि तेच अनर्थाचे निमित्त ठरले. कारण ते उशिरा दिले, समोर उभ्या असलेल्या एकट्यादुकट्याला दिले, आणि राज्याची मूळ रीत बदलायची म्हणून दिले नाही. आंदोलन पेटल्यावर जाहीर होणारे पॅकेज, निवडणूक तोंडावर आल्यावर सुचणारी कर्जमाफी हे सारे याच जातीचे. ते घेणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. सुत्तानेही पहिल्या चोराला दिलेला नाही. जागतिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २०२४ साली मांडलेल्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाची सुमारे ४० टक्के संपत्ती होती. अशा देशात उद्योगपतीची देणगी स्तुत्य असेल, पण ती राजकर्तव्याची जागा घेऊ शकत नाही.

मग काय करावे? कूटदन्तसुत्तात महाविजित राजाला मोठा यज्ञ करायचा आहे. पुरोहित त्याला अडवतो. राज्यात चोरांचा उपद्रव असताना नवा कर बसवणे अयोग्य. वध-बंधनानेही उपद्रव मिटणार नाही, कारण उरलेले लोक सूड घेतील. तेव्हा शेतकऱ्याला बियाणे आणि अन्न दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, राजसेवकाला वेतन दे, असे तो सुचवतो. धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध'मध्ये या सुत्ताकडे मराठी वाचकांचे लक्ष फार पूर्वी वेधले होते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राबवली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला, आणि तिच्या खर्चासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. पागे यांनी कूटदन्तसुत्त डोळ्यांपुढे ठेवले होते असे आम्ही म्हणत नाही. पण मागेल त्याला काम, आणि तेही हक्क म्हणून, ही कल्पना त्या पुरोहिताला परकी वाटली नसती. (मस्टरवरची खोटी नावे पाहून मात्र त्याने कपाळावर हात मारला असता.)

एक आक्षेप खरा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मज्झिमनिकायातल्या चूळकम्मविभंगसुत्तात या जन्मीच्या दारिद्र्याचे मूळ मागच्या जन्मीच्या कृपणतेत सांगितले आहे. हे मान्य केले, तर राजाचे कर्तव्य उरतेच कुठे? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये पूर्वकर्माचा हा सिद्धांत बुद्धाचा मानायला नकार दिला. पाठचिकित्सक त्यांच्याशी वाद घालू शकतील. पण राजाला जाब विचारणारी सुत्ते आणि गरिबालाच जाब विचारणारे सुत्त यांपैकी एकाची निवड करणे भाग होते, आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकीय समतेपुढे उभ्या राहणाऱ्या आर्थिक विषमतेचा इशारा देणाऱ्या माणसाने ती कोणत्या बाजूने केली, याचे नवल वाटायला नको.

कार्यशाळावाल्यांना एवढे सगळे पेलणारे नसेल, तर त्यांनी निदान सिगालोवादसुत्त तरी वाचावे. तिथे मालकाची सेवकाप्रती पाच कर्तव्ये मोजून दिली आहेत: झेपेल एवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोडात वाटा द्यावा, वेळोवेळी सुट्टी द्यावी. यांतली किती कर्तव्ये आपल्या कार्यालयातल्या कंत्राटी सफाई कामगाराच्या वाट्याला येतात, हे श्वास मोजून झाल्यावर मोजता येईल.