मेजावरची आगगाडी

गुहागरच्या मुलांना आगगाडी पाहावयाची तर चिपळूण गाठावे लागते. पुण्यास कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी लहान आगगाड्यांचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले केले. तसे एखादे भव्य प्रदर्शन गुहागरातही भरावे, आणि त्यात आपल्या कोकण रेल्वेची प्रतिकृती असावी, असे मला वाटते.

मात्र मुलांनो, ती कशी असावी? अशा प्रतिकृती पुष्कळदा १:८७ या प्रमाणात घडवितात. रत्नागिरीजवळच्या पानवल पुलाची उंची ६४ मीटर. प्रतिकृतीत तो जेमतेम ७४ सेंटिमीटर भरेल. परंतु करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा त्याच मापाने करू म्हटले, तर ७५ मीटरांचे मेज हवे! एवढी मोठी शाळा आणावी कोठून? तेव्हा बोगदा आखूड करणे ओघानेच आले, आणि त्यात काही गैर नाही.

वगळू नये ते निराळेच. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळे गाडी घसरली व अनेकांचे प्राण गेले. म्हणून डोंगर नुसते हिरवे रंगवून भागणार नाही. डोंगर कापून झालेल्या उभ्या भिंती, त्यांवर ताणलेल्या जाळ्या, आणि भर पावसात विजेरी घेऊन रुळांवर गस्त घालणारा कामगार, हे सारे तेथे दिसलेच पाहिजे. तो कामगार त्या मापाने दोन सेंटिमीटरांचा होईल; पण त्याच्यावाचून गाडी स्थानकातून सुटू देऊ नये.