कुलुपाची दुसरी किल्ली

आमच्या बहुतेक पालकांच्या हातीं आज व्हॉट्सॲप आहे. त्यावरील संदेशास पाठविणाऱ्याच्या यंत्रांत कुलूप लागतें व तें घेणाऱ्याच्याच यंत्रांत उघडतें; मधल्या कंपनीसही मजकूर वाचतां येत नाहीं. यालाच एन्क्रिप्शन म्हणतात. ही सोय दुर्जनांसही मिळते, म्हणून सरकारापाशीं एक दुसरी किल्ली असावी, असें कित्येक सुज्ञ गृहस्थ म्हणतात. त्यांचा हेतु वाईट आहे असें आम्ही मुळींच मानीत नाहीं. मुलांस छळणारे नराधम पकडले जावे असें कोणास वाटत नाहीं? परंतु अशी किल्ली अखेर कोणाच्या हातीं जाते, हें पाहिल्यावांचून मत देणें बरें नव्हे.

ग्रीस देशांतील हकीकत या कामीं पाहण्याजोगी आहे. तेथें प्रश्न एन्क्रिप्शनचा नव्हता, टेलिफोनचा होता. दार मात्र तसलेंच. व्होडाफोन कंपनीच्या एक्स्चेंजांतील यंत्रें एरिक्सन कंपनीचीं. पोलिसांस कायद्यानें संभाषण ऐकतां यावें अशी तजवीज त्यांच्या प्रोग्रॅममध्येंच होती. व्होडाफोननें ती सोय विकतही घेतली नव्हती, तरी दार भिंतींत होतेंच! २००४ सालीं, अथेन्सच्या ऑलिंपिक सामन्यांच्या सुमारास, कोणी अज्ञात इसमांनीं त्यांतून शिरकाव केला. शंभरांहून अधिक मोबाइलांवरील बोलणें निनांवी फोनांवर जाऊं लागलें. त्यांत पंतप्रधान कोस्तास कारामानलिस व त्यांचे कांहीं मंत्रीही सांपडले. मार्च २००५ मध्यें हें उघडकीस आलें, तेव्हां कंपनीनें तो चोरटा प्रोग्रॅम तांतडीनें काढविला आणि चोरांचा माग लागण्याची संधि गेली. जनतेस ही गोष्ट फेब्रुवारी २००६ मध्यें कळली. पुढें कंपनीस ७ कोटि ६० लक्ष युरो दंड झाला.

जाळें चालविणाऱ्यांनीं दार बंद ठेवावें एवढ्यानें भागत नाहीं. कोण आलें, कोण गेलें याची नोंद त्यांनीं राखावी, चोरी झाल्यास घरधन्यास सांगावें, आणि पुरावा तर कधींच पुसूं नये.

आपल्या देशांत तार व टेलिफोन यांवरील संदेश अडविण्याचा अधिकार १८८५ च्या कायद्यानें सरकारास दिला होता. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यास आवर घातला: हुकूम गृहसचिवाचा असावा, त्यास मुदत असावी, समितीनें तो तपासावा. एका संशयिताविरुद्ध असा हुकूम काढणें आम्हांस रास्त वाटतें. २०२१ च्या नियमांचें स्वरूप निराळें आहे. संदेश प्रथम कोणी पाठविला हें सांगतां यावें अशी व्यवस्था मोठ्या कंपन्यांनीं ठेवावी, असें ते म्हणतात. आणि एकाचा माग सांगावयाचा तर खूण सर्वांच्याच संदेशांवर ठेवावी लागेल. याविरुद्ध व्हॉट्सॲपनें त्याच वर्षीं दिल्ली उच्च न्यायालयांत दाद मागितली. या एका बाबतींत आम्ही कंपनीची बाजू खरी मानितों, जरी तिच्या इतर व्यवहारांविषयीं आमचें मत इतकें अनुकूल नाहीं.