रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग दुखतंच

पेडणे-डिचोलीकडे चतुर्थी आटोपली की बायकांचं अंग मोडून येतं. ते चार दिवसांत उतरतं. माझ्या एका काकीचं उतरलंच नाही. मान, खांदे, कंबर, पाय, सगळीकडे दुखायचं. रात्रभर झोपूनही सकाळी थकलेलीच. बोलता बोलता साधा शब्द आठवेना. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले आणि घरात ‘हिचं काहीतरीच’ सुरू झालं.

तो फायब्रोमायल्जिया होता. यात रक्त, एक्स-रे बहुधा नॉर्मलच येतात. दुखणं मात्र खरं असतं. 1990च्या निकषांत अंगावरचे 18 बिंदू दाबून पाहत, 11 दुखले तर निदान. 2010पासून झोप, थकवा, विसरभोळेपणाही धरतात. हे मला जास्त पटतं. पुरुषांनाही तो होतो.

असं तीन महिने चाललं तर कुठे दुखतं, झोप कशी लागते, हे लिहून डॉक्टरांकडे न्या. थायरॉईड तपासा. सांधे सुजले, ताप आला किंवा वजन उतरलं तर कारण दुसरं असू शकतं, थांबू नका. नुसत्या पेनकिलरने यात फारसं भागत नाही. काकी दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात करून आता अर्धा तास चालते.