आमची गाडी येवल्यात उघडते

पैठणी घ्यायला येवल्याला जावे आणि मोटारीच्या पोटात काय काय असते ते शिकून परत यावे, असा योग फार थोड्यांच्या पत्रिकेत असेल. आमच्या होता. साल १९८७. धाकट्या मेव्हणीचे लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तावर ठरले होते, आणि तिला पैठणी द्यायची हे आमच्या सौभाग्यवतीने त्याच्या दोन वर्षे आधी ठरवले होते. भिशीचे पैसे रुमालात बांधून ती नाशिकहून माझ्या शेजारी बसली.

गाडी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली 'पद्मिनी'. कारखान्याने नाव बदलले तरी लोक तिला फियाटच म्हणत. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात उतरली तेव्हा माझ्या घशाशी काहीतरी आले, हे इथे कबूल करून टाकतो. इंजिन १०८९ सी. सी. चे, चार सिलिंडरचे आणि स्वभावाने गरीब. पण गरिबालाही किती छळावे!

निफाड मागे पडले, विंचूर गेले आणि उष्णतेचा काटा चढू लागला. येवल्याची वेस दिसली तेव्हा मागून पांढरा धूर आणि पुढून वाफ, अशी आमची मिरवणूक होती.

मिस्त्री वयस्कर होते. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. "आता नाही. इंजिन थंड होऊ द्या. गरम असताना हेड सोडलं तर ते वाकतं. उद्या सकाळी."

सकाळी त्यांनी तेलाचे झाकण उघडून मला आतली बाजू दाखवली. ताकावर यावा तसा पांढरट लोण्याचा थर! म्हणजे पाणी तेलात शिरले होते. इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचे हेड यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो, तो गॅस्केट. आतला जाळ, पाणी आणि तेल या तिघांना एकमेकांच्या घरात शिरू न देणे एवढेच त्याचे काम. तो जळला की तिघांचा एकच संसार होतो.

मग मिस्त्रींनी सावकाश मला विचारले, "साहेब, पाणी किती दिवसांपासून कमी होत होतं?"

सौभाग्यवती शेजारीच उभी होती. महिनाभर रोज सकाळी ती देवपूजेला बसली की मी गुपचूप तांब्याभर पाणी रेडिएटरमध्ये ओतत होतो. गॅरेजला गेलो तर खर्च निघेल आणि खर्च निघाला तर पैठणी राहील, म्हणून. दुखणे लपवले की स्वस्तात पडते, असा माझा समज होता.

"महिना झाला," मी म्हणालो. ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

मिस्त्रींचे काम पाहण्यासारखे होते. आधी बॅटरीची तार काढली, पाणी सोडून दिले, प्लगच्या तारांना चिकटपट्टी लावून आकडे घातले. वरचे झाकण आणि रॉकर निघाले. त्याखालच्या आठ लांब सळया त्यांनी पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात ओळीने खोचल्या. ज्याची सळई त्याच्याच घरात परत गेली पाहिजे. हेडचे नट एकदम न सोडता थोडेथोडे, कडेकडून मध्याकडे सैल केले. हेड चिकटून बसले होते. मी उत्साहाने स्क्रूड्रायव्हर पुढे केला, तर त्यांनी माझ्या हातातून तो काढूनच घेतला. अॅल्युमिनियमला ओरखडा पडला की तिथूनच पुन्हा गळती! लाकडी हातोड्याने दोन-चार हलके ठोके दिले आणि हेड सुटले.

गॅस्केटवर एका सिलिंडरच्या कडेपासून पाण्याच्या भोकापर्यंत काळी रेघ गेली होती. बोटाच्या पेराएवढी. हेडवर सरळ पट्टी आडवी ठेवली तर खालून उजेड दिसत होता. ते वाकले होते, म्हणून मनमाडला लेथवाल्याकडे फेसिंगला गेले.

तो सबंध दिवस सौभाग्यवती एका विणकराच्या घरी बसली होती. संध्याकाळी मी गेलो तेव्हा खड्ड्यातल्या मागावर पदर चालला होता. रंगारंगाचे धागे हाताने एकमेकांत अडकवत मोर उतरत होता, उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखा. मागे वळूनही न पाहता ती म्हणाली, "बघा. यांच्याकडे एक धागा तुटला की लगेच थांबतात." आणि रुमालाची गाठ सोडून तिने पैसे माझ्या हातावर ठेवले. मोजून घ्या, असेही म्हणाली नाही.

तिसऱ्या दिवशी नवा गॅस्केट बसला. या वेळी नट मधून कडेकडे, तीन फेऱ्यांत, टॉर्कच्या पान्याने आवळले. टॅपेट लावले, तेल बदलले. इंजिन असे सुरू झाले की जणू काही घडलेच नव्हते! गाडीला विसरणे सोपे असते.

पैसे देताना मिस्त्री म्हणाले, "पाचशे किलोमीटर झाले की नट पुन्हा एकदा आवळून घ्या."

"ते नाशिकलाही होईल," मी घाईने म्हणालो.

"नाही," सौभाग्यवती म्हणाली, "येवल्यालाच होईल." आणि गाडीत बसता बसता तिने विचारले, "अहो, तुमचा बोनस कधी होतो?"