मुलांचे पासपोर्ट आणि आईची सही

मुलांच्या पासपोर्टाचा प्रश्न आता चार श्रीमंत घरांपुरता राहिलेला नाही. कोणाचा मामा मस्कतला, कोणाची मावशी न्यू जर्सीत. सुटीत मुलांना तिकडे धाडावयाचे म्हटले की कागदपत्रांचे गाठोडे सोडावे लागते. ज्या घरी आईबाप एकत्र नांदतात, तेथे हे काम कंटाळवाणे खरे, पण अवघड नव्हे. जन्माचा दाखला, आईबापांचे पासपोर्ट आणि दोघांच्या सह्यांचे 'परिशिष्ट डी' एवढ्यावर ते बहुधा भागते. खरी परीक्षा होते ती दुसरी सही करणारा मनुष्य जेथे घर टाकून गेला आहे तेथे. अशा घरांविषयी आमच्या सुशिक्षित वर्गात जे मत वारंवार ऐकू येते, त्याचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

ते मत असे: आईच्या एकटीच्या सहीवर मुलास पासपोर्ट देणे ही सरकारची ढिलाई होय, बापाची संमती मिळेपर्यंत तिने थांबावे, नाही तर कोर्टाचा हुकूम आणावा. या म्हणण्याच्या मुळाशी एक खरी भीती आहे, ती आम्ही नाकारीत नाही. नवराबायकोच्या कलहात एकाने मूल उचलून परदेशी न्यावे आणि दुसऱ्याने वाट पाहत बसावे, असे प्रकार घडतात. अशा मुलांना परत आणण्यासंबंधी १९८० साली हेग येथे जो करार झाला, त्यात भारत सामील नाही. म्हणून सावधगिरी हवीच. दोन सह्यांचा नियम यासाठीच आहे, आणि तो योग्य आहे. आमचा आक्षेप नियमाला नाही. जो बाप वर्षानुवर्षे मुलाची फी भरीत नाही की त्याचे तोंड पाहत नाही, त्याच्याच हाती त्या नियमाची किल्ली देण्याला आहे.

कायदा या टीकाकारांच्या पुष्कळ पुढे गेला आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक बाप, 'आणि त्याच्यानंतर' आई, असे शब्द आहेत. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी स्वतःच्या सहीने अर्ज केला, तेव्हा बापाची सही मागण्यात आली. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली निकाल दिला की 'नंतर' म्हणजे बापाच्या मरणानंतर नव्हे. बाप मुलाकडे पाठ फिरवून बसला असेल, तर तो जिवंत असतानाही आई हीच पालक होय. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टाचे नियम सुधारले. अर्जात आई वा बाप यांपैकी एकाचे नाव पुरे झाले, आणि परिशिष्टे साध्या कागदावर स्वतःच्या सहीने देण्याची मुभा मिळाली. नोटरी नको, मॅजिस्ट्रेट नको. दुसऱ्या पालकाची संमती मिळत नसेल तर ती का मिळत नाही हे सांगणारे 'परिशिष्ट सी' आहे. ही ढिलाई कशी? जाणूनबुजून खोटे लिहिणाऱ्यास १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. इतकी जबाबदारी शिरावर घेऊन जी सही करते, तिच्यावर संशय. आणि जो कोणतीच जबाबदारी घेत नाही, त्याच्या संमतीची प्रतीक्षा! चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा न्याय.

पण सरकारी खिडकीच्या आधी एक खिडकी आमच्या घरात आहे, आणि ती अधिक अरुंद आहे. परित्यक्ता बहिणीला तिचे भाऊच सांगतात, "त्याच्या हातापाया पड, पण सही आण." एका सहीच्या मोबदल्यात पोटगीवर पाणी सोडावयास लावणारे मध्यस्थ आमच्याच आळीत प्रतिष्ठित म्हणून वावरतात. मुलाच्या दाखल्यात नावाचा रकाना कोरा राहिला असेल, तर ते नाव नोंदविण्याचा अधिकार कायद्याने आईलाही आहे. तरी "वडील येऊ देत" म्हणून वर्षे दवडली जातात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागतो, दुसरा कागद चालत नाही. तेव्हा ही दिरंगाई यापुढे त्या मुलांनाच बाधणार.

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे आणि मग बापाचे नाव लिहिण्याचा नियम केला, तेव्हा आमच्या वर्गाने त्याचे कौतुक केले. नाव लिहून घ्यावयाचे आणि सही मात्र मानावयाची नाही, हा कोणता सन्मान? आमचे सांगणे एवढेच की, अशा आईला तिच्या माहेराने नवऱ्याच्या दारी न धाडता 'परिशिष्ट सी' भरण्यास साहाय्य करावे. नकार आलाच तर तो लेखी, कारणांसह मागावा. तशी कारणे लिहून ठेवणे व मागितल्यास त्यांची प्रत देणे अधिकाऱ्यास कायद्याने भाग आहे, आणि त्यावर अपीलही आहे. जिने मुलाला एकटीने वाढविले, तिची एकटीची सही आम्हीच अपुरी मानू लागलो, तर ती पुरी मानण्याचा धडा सरकारला कोण देणार?